लाकडी ठोकळ्यांखालची जमीन : पुण्यातील एका समतलीकरण सेवेचा वर्षभरानंतरचा अभिप्राय

लाकडी ठोकळे बसवण्यापूर्वी खालचा कोबा तपासून, घासून, त्यातली ओल अडवून तो समतल करून देणाऱ्या पुण्यातल्या एका छोट्या कंपनीची सेवा मी गेल्या वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये घेतली. काम झाल्या झाल्या अभिप्राय लिहायचा मोह झाला होता, पण एक उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यायचा असे मी ठरवले, कारण लाकडाची परीक्षा आपल्याकडे जून ते सप्टेंबर या महिन्यांतच होते. आता ऑक्टोबर संपत आला आहे, जमीन जागच्या जागी आहे, आणि त्या सेवेबद्दल चांगले-वाईट जे सांगायचे ते सांगण्याइतका अनुभव माझ्या गाठीशी जमला आहे.

आधी लाकडाविषयी सांगायला हवे, कारण हा सगळा खटाटोप त्याच्यासाठी होता. पेठेतला आमचा जुना वाडा उतरवला गेला तेव्हा सागवानी तुळया आणि खांब आमच्या वाटणीला आले. ते विकून टाकावेत असे घरातल्या बहुतेकांचे म्हणणे होते, पण आजोबांच्या काळापासून डोक्यावर असलेले लाकूड कुणा अनोळखी माणसाच्या टेंपोत चढताना मला पाहवले नसते. म्हणून भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये आम्ही त्या तुळया चिरून घेतल्या आणि २२५ मिमी लांब, ७५ मिमी रुंद, २० मिमी जाड असे सुमारे १,५५० ठोकळे करून घेतले. आमच्या तळमजल्यावरच्या १४ बाय १८ फुटांच्या दिवाणखान्यात ते हेरिंगबोन पद्धतीने, म्हणजे माशाच्या काट्यासारखे तिरके गुंफून, बसवायचे होते.

पहिल्या वेळी हे काम ज्या कंत्राटदाराला दिले, त्याने जुनी शहाबादी फरशी उखडून मार्च महिन्यात ५० मिमी जाडीचा कोबा केला आणि तीन आठवड्यांनी त्यावर गोंद लावून ठोकळे बसवून टाकले. दोन-अडीच महिने खोली फार देखणी दिसली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पूर्वेच्या खिडकीजवळचे ठोकळे दोन बाजूंनी कौलारू छपरासारखे वर आले आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत अर्ध्या खोलीत पाय टाकला की ठोकळा हलू लागला. एक ठोकळा उचलून मी उलटा केला, तर त्याची पाठ काळपट आणि थंडगार लागली, आणि तिला चिकटून कोब्याच्या पृष्ठभागाचा कागदासारखा पातळ पापुद्रा निघून आला होता. गोंद लाकडावर पक्का होता. सुटला होता तो कोबाच.

यात चुका एकावर एक साचल्या होत्या. सिमेंटच्या कोब्याला वाळायला ढोबळमानाने मिलिमीटरमागे एक दिवस लागतो, म्हणजे ५० मिमीच्या कोब्याला अनुकूल हवेतसुद्धा सात आठवडे द्यायला हवेत, आणि हा हिशेबही पाणी मारणे थांबवल्यानंतर सुरू होतो. आमच्याकडे तीन आठवडे मिळाले. शिवाय घर १९८४ सालचे, जोत्यात भराव काळ्या मातीचा आणि जमिनीखाली ओल अडवणारा थर कुठेच नाही, त्यामुळे पावसाळ्यात खालून चढणारी ओल थेट लाकडापर्यंत पोहोचत होती. ठोकळे चिरले होते भर उन्हाळ्यात, लाकूड अगदी कोरडे असताना. सागवान इतर लाकडांच्या मानाने फार कमी फुगते, तरीही ७५ मिमी रुंदीचा ठोकळा आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यापासून भर पावसाळ्यापर्यंत अर्धा ते पाऊण मिलिमीटर रुंदावू शकतो. एका ठोकळ्याचे हे माप नगण्य वाटते, पण खोलीच्या रुंदीत असे पन्नासेक ठोकळे येतात आणि भिंतीलगत जागा सोडलेली नसेल तर त्यांना वर उठण्यावाचून दुसरी वाट उरत नाही. चौथी चूक पृष्ठभागाची. कोबा घोटताना वर पाणी मारून गुळगुळीत केला की सिमेंटची जी कमकुवत साय वर येते, तीच आमच्या ठोकळ्यांना चिकटून निघाली होती.

दुसऱ्या वेळी मी पाच-सहा जणांना फोन केले. बहुतेकांनी फोनवरच चौरस फुटाचा भाव सांगितला. ज्यांची सेवा पुढे घेतली त्यांनी मात्र जागा पाहिल्याशिवाय भाव देणार नाही असे सांगितले आणि तपासणीचे १,५०० रुपये वेगळे मागितले. तेव्हा मला ते जास्त वाटले होते. प्रत्यक्षात ती तपासणी हाच या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग ठरला, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

ठोकळे आम्ही आधीच काढून ठेवले होते. दोघे जण लेझर लेव्हल, दोन मीटरची ॲल्युमिनियमची सरळ पट्टी, हातोडी आणि खडू घेऊन आले. त्यांनी कोब्यावर अर्ध्या-अर्ध्या मीटरवर खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेवर लेझरच्या रेषेपासूनचे अंतर मिलिमीटरमध्ये खडूने लिहून काढले. दोन तासांनी खोलीभर सुमारे ९० आकडे पसरले होते. दारापाशी उंचवटा, खोलीच्या मध्यावर लांबट घळ आणि नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात १४ मिमीचा खड्डा, हे सगळे त्या आकड्यांत नकाशासारखे वाचता येत होते. ज्या जमिनीवर मी इतके महिने चाललो ती अशी आहे हे मला ठाऊकच नव्हते. मग त्यांनी हातोडीच्या टोकाने कोबा ठोकत खोली पालथी घातली. पक्क्या जागी ठण् असा आवाज येई आणि पोकळ जागी तो एकदम बसल्यासारखा होई. अशा दोन जागा निघाल्या, त्यांच्याभोवती त्यांनी खडूने रिंगण काढले.

या वेळी त्यांच्यातल्या वयस्कर मिस्त्रींनी मला एक फरक समजावला, जो ठोकळे बसवू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने नीट ध्यानात घ्यावा असा आहे. पाणसळीत असणे आणि समतल असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जमीन १० मिमीने उतरती असली, पण तो उतार एकसारखा असला, तर ठोकळे त्यावर निवांत बसतात. त्यांना चालत नाही ती लाट. लांब फळी लहानशा खळग्यावरून पुलासारखी जाते, किंचित वाकते आणि खळगा लपवते. ठोकळा आखूड आणि ताठ असल्यामुळे तो खळग्यात उतरतो किंवा उंचवट्यावर डुगडुगतो, आणि शेजारच्या ठोकळ्याशी त्याची कड जुळत नाही. हेरिंगबोनमध्ये तर प्रत्येक ठोकळ्याचे टोक दुसऱ्याच्या कुशीला भिडलेले असते, त्यामुळे चूक चारही दिशांनी दिसते. पुढे मशीनने घासून कडा जुळवता येतात हे खरे, पण त्यात चांगले लाकूड वाया जाते, आणि खाली राहिलेल्या पोकळीला घासण्याचा काही उपयोग नाही. म्हणून दोन मीटरच्या पट्टीखाली कुठेही ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसू नये, ही साधारणपणे मानली जाणारी मर्यादा त्यांनी कोटेशनमध्ये लिहून दिली. हार्डवुड पार्के (म्हणजे नक्षीत जुळवलेल्या लाकडी पट्ट्या) आणि ठोकळ्यांच्या जमिनीसाठी आपल्याकडे आयएस ५३८९ ही भारतीय मानक संहिता १९६९ पासून आहे, तरी समतलपणाचे माप कागदावर लिहून देणारा मला भेटलेला हा पहिलाच व्यावसायिक.

ओल तपासण्यासाठी त्यांनी दीड फूट बाय दीड फुटाचे जाड प्लॅस्टिक चारही कडांनी चिकटपट्टी लावून तीन ठिकाणी कोब्यावर लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दवासारखे बारीक थेंब जमले होते आणि खालचा कोबा आजूबाजूपेक्षा गडद झाला होता. पाऊस थांबून महिना उलटल्यावरची ही स्थिती. त्याखेरीज कोब्यात भोके पाडून आत ओलमापक नळ्या बसवल्या, त्यांनी ८८ टक्के सापेक्ष आर्द्रता दाखवली. लाकडासाठी ती ७५ टक्क्यांच्या आत असावी असे धरले जाते. मी विचारले की आणखी दोन महिने थांबलो तर चालेल का. त्यांचे उत्तर स्पष्ट होते की कोब्यातले पाणी वाळेल, पण जोत्यातून येणारी ओल दर पावसाळ्यात पुन्हा येईल, म्हणून थांबण्याने भागणार नाही, ओल अडवावीच लागेल. या उत्तरात त्यांचे काम वाढत होते आणि माझा खर्चही, हे मान्य करूनही सांगतो की ते उत्तर बरोबर होते. जुलैत मी उलटा केलेला तो काळपट ठोकळा हेच सांगत होता.

काम सुरू झाले ते घासण्यापासून. हिऱ्याच्या चकतीचे ग्राइंडर चालवून त्यांनी वरची साय आणि जुन्या गोंदाचे डाग काढले आणि दारापाशी असलेला उंचवटा जवळपास ४ मिमीने खाली आणला. घासलेल्या कोब्यात वाळूचे कण उघडे दिसू लागले आणि स्क्रूड्रायव्हरने ओरखडा काढला तर पूर्वी जशी पांढरी भुकटी सुटत होती तशी सुटेनाशी झाली. पोकळ वाजणाऱ्या दोन्ही जागा चौकोनी कापून नव्या मालाने भरल्या. इथे मात्र माझी पहिली तक्रार आहे. ग्राइंडरला व्हॅक्युम जोडलेला असेल असे कबूल केले होते आणि तो होताही, पण भिंतीलगतच्या कडा त्यांनी लहान ग्राइंडरने व्हॅक्युमशिवाय घासल्या. दार बंद असूनही सिमेंटची धूळ स्वयंपाकघरातल्या डब्यांपर्यंत पोहोचली आणि घरात दम्याचा त्रास असलेली व्यक्ती असल्यामुळे आम्हाला दोन दिवस नातेवाइकांकडे राहावे लागले. ही धूळ फुप्फुसांना घातक असते. कडा घासणारा मुलगा तोंडाला नुसता रुमाल बांधून बसला होता, हे पाहून मला फार वाईट वाटले आणि मी ते तिथेच बोललो. दुसऱ्या दिवशी तो मास्क लावून आला.

त्यानंतर ओल अडवण्यासाठी इपॉक्सीचे, म्हणजे वाळल्यावर टणक होणाऱ्या राळेसारख्या लेपाचे, दोन हात दिले गेले, पहिला एका दिशेने आणि दुसरा त्याला आडवा, म्हणजे सुईच्या टोकाइतकीही जागा सुटू नये. दुसरा हात ओला असतानाच त्यावर कोरडी, बारीक, धुतलेली वाळू मूठमूठ उधळली. इपॉक्सी वाळल्यावर काचेसारखी गुळगुळीत होते आणि तिच्यावर ओतलेला सिमेंटचा थर धरत नाही. वाळूमुळे त्याला पकड मिळते. दुसऱ्या दिवशी सुटी वाळू झाडून, व्हॅक्युमने ओढून घेतल्यावर जमीन खरखरीत कागदासारखी हाताला लागत होती.

ओतण्याचा दिवस मी पूर्ण वेळ खोलीच्या दारात उभा राहून पाहिला. पंखे बंद, खिडक्या बंद, पूर्वेच्या खिडकीवर जाड पडदा, कारण ऊन आणि वारा लागला तर वरचा थर आधी सुकून तडकतो. नैर्ऋत्येचा खोल कोपरा त्यांनी आदल्या दिवशीच कंपाउंडमध्ये, म्हणजे पाण्यात कालवून ओतले की आपोआप पसरून सपाट होणाऱ्या सिमेंटच्या तयार मिश्रणात, बारीक खडी मिसळून भरून घेतला होता. आता बादलीत आधी गोणीवर छापलेल्या मापाचे पाणी, मग पावडर, आणि ड्रिलला लावलेल्या पात्याने गुठळी राहणार नाही असे घुसळणे, असा क्रम सुरू झाला. मोजपात्रातून पाणी ओतताना मिस्त्री दर वेळी खाली वाकून रेषा डोळ्यांच्या पातळीवर आणून पाहत. पाणी थोडे जास्त झाले तर मिश्रण सहज पसरते, पण जड भाग खाली बसतो आणि वर पुन्हा तीच कमकुवत साय येते, हे त्यांनी मला बादलीत घुसळता घुसळता सांगितले. एक बादली ओतली जात असताना दुसरी तयार होत होती, कारण मिश्रण वीसेक मिनिटांतच आवळू लागते आणि आधीची कड ओली असतानाच पुढचे मिश्रण तिला मिळायला हवे. दाट ताकासारखे ते राखाडी मिश्रण खडूच्या आकड्यांवरून सरकत गेले आणि ९, ११, ६ असे एकेक आकडे त्याखाली गेले. दातेरी फावड्याने ते ओढून, काटेरी तळाचे बूट घातलेला एक जण त्यात उभा राहून काटेरी रोलर फिरवत होता आणि बुडबुडे फुटून पृष्ठभाग मिटत होता. पंचवीस किलोच्या दहा गोण्या लागल्या आणि पाऊण तासात खोली भरली.

दुसऱ्या दिवशीची तपासणी त्यांनी माझ्यासमोर आणि माझ्याच हातून करवून घेतली. दोन मीटरची पट्टी जमिनीवर ठेवायची, उभी, आडवी, तिरकी फिरवायची आणि ३ मिमी जाडीचे ड्रिलचे पाते तिच्याखालून सरकते का ते पाहायचे. चाळीसेक ठिकाणी मी ते पाते पट्टीला टेकवले आणि ते एकदाही आत गेले नाही. सर्वांत मोठी फट २ मिमीची निघाली. मात्र ठोकून पाहताना खिडकीजवळच्या कोपऱ्यात परातीएवढी जागा पोकळ वाजली. तिथे इपॉक्सीवर वाळू विरळ पडली होती आणि कंपाउंडने पकड घेतली नव्हती. त्यांनी वाद न घालता तेवढा भाग कापून काढला, इपॉक्सी खरवडून पुन्हा हात दिला, वाळू टाकली आणि जागा भरून दिली, त्याचे पैसे घेतले नाहीत. यामुळे ठोकळे बसवण्याचे काम चार दिवस लांबले, पण चूक ठोकळ्यांखाली गाडली गेली नाही, याचे मला मोल वाटते.

दुसरी तक्रार उंचीच्या हिशेबाची. ठोकळे पाठीमागून रंधून १९ मिमी उरले होते, गोंदाचा एक मिलिमीटर आणि कंपाउंडचे सरासरी सहा, म्हणजे नवी जमीन जुन्या बेतापेक्षा सुमारे ५ मिमीने वर येणार हे त्यांना पहिल्या दिवशी ठाऊक असायला हवे होते. दार खालून पुन्हा तासावे लागेल आणि उंबरठ्याशी पट्टी बदलावी लागेल, हे आम्हाला कंपाउंड वाळल्यावर कळले आणि आयत्या वेळी सुतार शोधावा लागला. वाळवी-प्रतिबंधक फवारणीविषयीही त्यांनी स्वतःहून काही विचारले नाही. तळमजल्यावर जुन्या घरात लाकूड बसवताना कोबा उघडा असतानाच भिंतीच्या कडेने ती करून घेणे सोयीचे असते. मीच आठवण केली म्हणून इपॉक्सीच्या आधी ती दुसऱ्यांकडून करून घेता आली.

खर्च घासणे, इपॉक्सी आणि कंपाउंड मिळून करांसह सुमारे ५३ हजार रुपये आला, म्हणजे २५२ चौरस फुटांच्या खोलीला चौरस फुटामागे २१० रुपये. यातला मोठा वाटा इपॉक्सीचा आहे. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, जिथे खाली दुसऱ्याचे घर आहे आणि स्लॅब जुना, कोरडा आहे, तिथे बहुतेक वेळा तिची गरज पडणार नाही. पण ते प्लॅस्टिक लावून पाहिल्यावर ठरवावे, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे. चुना-विटांचा जुना धाबा किंवा लाकडी पाटण असलेल्या घरांना ही पद्धत जशीच्या तशी लागू पडत नाही, आणि तसे त्यांनी माझ्या एका मित्राला सांगून काम नाकारलेही.

ठोकळे डिसेंबरच्या अखेरीस बसले. त्याआधी तीन आठवडे ते त्याच खोलीत जाळीदार थप्पी रचून ठेवले होते आणि बसवताना ओलमापक ११ टक्के दाखवत होता. उन्हाळ्यातला कोरडेपणा आणि पावसाळ्यातली ओल यांच्या मधला तो काळ होता, त्यामुळे लाकडाला दोन्ही बाजूंना हलायला वाव राहिला. लवचीक गोंद वापरला आणि चारही भिंतींलगत १२ मिमीची जागा सोडून ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीखाली, झाकली. मे महिन्यात ठोकळ्यांमध्ये नख जेमतेम शिरेल अशा बारीक फटी दिसल्या, जुलैत त्या मिटल्या. ऑगस्टमध्ये पूर्वेच्या भिंतीचे स्कर्टिंग काढून मी मोजले तेव्हा १२ मिमीच्या जागी ९ मिमी उरले होते. ज्या खिडकीजवळ पूर्वी छपरासारखे ठोकळे उठले होते, तिथे परवा आईने पाट मांडून शेंगा सोलल्या आणि पाट डुगडुगला नाही.

शेजारच्या खोलीसाठी लाकूड शिल्लक नाही, पण चुलत्यांच्या वाटणीतल्या दोन तुळया त्यांनी मला द्यायचे कबूल केले आहे, आणि त्या खोलीचे काम मी याच कंपनीकडे देणार आहे. कडा घासतानाही व्हॅक्युम लावायचा आणि दाराच्या उंचीचा हिशेब आधी लिहून द्यायचा, या दोन अटी मी या वेळी कोटेशनमध्ये घालून घेतल्या आहेत. तिथल्या कोब्यावर प्लॅस्टिकचा चौकोन मी काल रात्रीच चिकटवला आहे.